मुलींना छातीची ओळख करून देताना: व्हिडिओ काय शिकवतो आणि बोटं काय शिकतात

बारा वर्षांची एक मुलगी अंघोळ करताना थबकते. उजव्या स्तनाग्राखाली शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी टणक हाताला लागतंय. दाबलं की दुखतंय. डावीकडे चाचपून पाहते, तर तिथे काहीच नाही. मागच्याच आठवड्यात वर्गात स्तनाच्या कॅन्सरवरचा व्हिडिओ दाखवलेला असतो. त्यात भारदस्त आवाजात सांगितलेलं असतं, गाठ लागली तर दुर्लक्ष करू नका. ती दुर्लक्ष करतच नाही. ती घाबरते आणि गप्प बसते, महिना-दोन महिने.

तिला लागलेली ती 'गाठ' म्हणजे वयात येण्याची पहिली खूण. स्तनांची वाढ साधारण 8 ते 13 या वयात सुरू होते, ती अशीच: स्तनाग्राच्या मागे एक टणक, हुळहुळी चकती. बऱ्याचदा ती आधी एकाच बाजूला येते आणि दुसरी बाजू काही महिन्यांनी जागी होते. पाळी यायला त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षं लागतात. या वयात डॉक्टरसुद्धा तिथे उगाच सुई किंवा चाकू लावत नाहीत, कारण त्या कोवळ्या भागाला इजा झाली तर पुढे तो स्तन नीट न वाढण्याची भीती असते.

व्हिडिओत खोटं काहीच नव्हतं. चाळिशीतल्या बाईला सांगायची गोष्ट बारा वर्षांच्या मुलीला सांगितली गेली, एवढंच. मुलींच्या वर्गांत हा विषय मी बरीच वर्षं शिकवते आहे. स्तनांची तपासणी या वयात शिकवायची तर ती स्वतःच्या शरीराशी ओळख म्हणून शिकवावी, कॅन्सर शोधण्याची कवायत म्हणून शिकवू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. त्यासाठी पडदा आणि आवाज ही फार उपयोगी साधनं आहेत. मात्र त्यांना काय जमतं आणि काय जमत नाही, हे शिकवणाऱ्याला आधी कळायला हवं.

आधी खरं काय ते

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये जगभरात सुमारे 23 लाख स्त्रियांना स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि सुमारे 6 लाख 70 हजार स्त्रिया त्याने दगावल्या. हे आकडे मोठे आहेत आणि ते मुलींना सांगायला हरकत नाही. पण त्याच दमात हेही सांगायला हवं की वय वाढतं तसा हा धोका वाढत जातो आणि किशोरवयात हा आजार अत्यंत दुर्मीळ असतो. मुलींच्या छातीत खरोखर गाठ आढळली, तर ती बहुतेक वेळा फायब्रोअडेनोमा असते: रबरासारखी, गुळगुळीत, न दुखणारी आणि बोटाखालून सटकणारी. ती कॅन्सर नसते. पुष्कळदा डॉक्टर सोनोग्राफी करतात आणि काही महिन्यांनी पुन्हा बोलावून तिच्यावर फक्त लक्ष ठेवतात. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, या वयात सहसा करत नाहीत, कारण तरुण स्तन इतका दाट असतो की त्या चित्रात फारसं काही उलगडत नाही.

आता थोडी अडचणीची गोष्ट. स्वयंतपासणीने जीव वाचतात का, हे तपासणारा एक मोठा अभ्यास चीनमधल्या शांघायमध्ये झाला. 1989 ते 1991 या काळात कापड गिरण्यांमधल्या 2 लाख 66 हजारांहून अधिक स्त्रियांची दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाला तपासणी नीट शिकवली. पुढची पाच वर्षं त्यांच्याकडून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली ती वेळोवेळी करून घेतली, आठवणीही दिल्या. दुसऱ्या गटाला ही तपासणी शिकवली नाही. अंतिम निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. दहा-अकरा वर्षांनंतर स्तनाच्या कॅन्सरने शिकवलेल्या गटात 135 मृत्यू झाले होते आणि न शिकवलेल्या गटात 131. म्हणजे फरक पडलाच नाही. उलट शिकवलेल्या गटात निरुपद्रवी गाठी जास्त सापडल्या, त्यामुळे बायोप्सीही, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासण्याही, जास्त झाल्या.

म्हणूनच अमेरिकन कॅन्सर सोसायटीसारख्या संस्था आता दर महिन्याची ठरावीक पद्धतीची तपासणी सरसकट सर्वांना सुचवत नाहीत. अमेरिकेतल्या प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2017 मध्ये सर्वसाधारण धोका असलेल्या स्त्रियांसाठी अशी तपासणी न सुचवता 'जागरूकता' हा शब्द पुढे केला. आपले स्तन एरवी कसे दिसतात आणि कसे लागतात हे माहीत असावं, आणि बदल जाणवला तर सांगावं, असा त्याचा अर्थ.

हे वाचून कुणी विचारेल की मग मुलींना शिकवायचंच कशाला? मला हा प्रश्न रास्त वाटतो. माझं उत्तर असं, की मुली स्वतःच्या छातीकडे तशाही बघतातच. चाचपतात, मैत्रिणीशी तुलना करतात, घाबरतात आणि लपवतात. शिकवलं नाही तर हे सगळं थांबत नाही, फक्त अंधारात चालू राहतं. पुढे प्रौढ वयातही पुष्कळ स्त्रियांना पहिला बदल अंघोळ करताना, कपडे बदलताना स्वतःलाच जाणवतो. त्या क्षणी तोंड उघडायचं की गिळून टाकायचं, याची सवय मात्र शाळेच्या वयात लागते. आणि काही थोड्या मुलींसाठी हा विषय याहून जवळचा असतो: लहानपणी छातीवर किरणोपचार झालेल्या, किंवा घरात आनुवंशिक स्तनकॅन्सर असलेल्या. त्यांनी कधी, काय आणि कितीदा तपासायचं हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. व्हिडिओत त्यासाठी एक वाक्य पुरे.

पडद्याला काय जमतं

या विषयावरच्या भाषणांत एक तक्ता हटकून येतो: माणूस वाचलेलं 10 टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं 20 टक्के, पाहिलेलं 30 टक्के, आणि पाहिलं-ऐकलं दोन्ही केलं तर 50 टक्के. हा तक्ता अमेरिकेतल्या एडगर डेल यांच्या नावावर खपवला जातो. डेल यांनी 1946 मध्ये अनुभवांचा शंकू मांडला हे खरं आहे. तळाशी प्रत्यक्ष कृती, शिखराजवळ चित्रं आणि शब्द, अशी ती मांडणी. पण त्यात टक्केवारी नव्हतीच, ती नंतर कुणीतरी चिकटवली. दृक्‌श्राव्य माध्यमाची बाजू मांडायला या आकड्यांची गरजही नाही.

गरज आहे ती साध्या निरीक्षणाची. हात वर केल्यावर स्तनाची त्वचा कशी ताणली जाते, खळगा पडला असेल तर तो नेमका त्या क्षणी कसा दिसतो, हे शब्दांत सांगायला गेलं तर पानभर लिहावं लागेल आणि तरी समजेलच याची खात्री नाही. हलत्या चित्रात ते तीन सेकंदांत कळतं. हालचाल, क्रम आणि जागा या तीन गोष्टींत व्हिडिओचा हात धरणारं दुसरं साधन नाही.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द एकत्र वापरून माणूस कसा शिकतो यावर अनेक प्रयोग केले. त्यातल्या दोन गोष्टी मला इथे फार कामाच्या वाटतात. पहिली: हलत्या चित्रासोबत बोललेला आवाज चांगला, पण तीच वाक्यं पुन्हा पडद्यावर लिहून दाखवली की डोळे चित्र सोडून अक्षरांमागे धावतात. शैक्षणिक व्हिडिओंमध्ये ही चूक सर्रास दिसते. ऐकू कमी येणाऱ्या मुलींसाठी लिहिलेली ओळ अर्थातच हवी, तिची वेगळी आवृत्ती करावी. दुसरी: वीस मिनिटांचा सलग व्हिडिओ लावण्यापेक्षा त्याचे छोटे तुकडे करून मध्ये थांबावं. मी तीन-चार मिनिटांवर थांबवते. थांबलं की वर्गात आधी शांतता पसरते, मग खुसखुस होते, आणि त्यानंतर पहिला खरा प्रश्न येतो. ती खुसखुस मी कधीच दाबत नाही. लाजेला बाहेर पडायला तेवढी वाट लागतेच.

पडद्याचा आणखी एक गुण आहे, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तो शब्द उच्चारून दाखवतो. 'स्तन', 'स्तनाग्र', 'काख', 'स्राव' हे शब्द एका शांत आवाजात, न अडखळता, न कुजबुजता पाच-सहा वेळा ऐकले की ते साधे शब्द होतात. कितीतरी शिक्षिका माझ्यापाशी कबूल करतात की वर्गात 'स्तन' म्हणताना त्यांचा आवाज आपोआप खाली जातो. मुली नेमकं तेच टिपतात: हे हळू बोलायचं असतं.

पडद्याला काय जमत नाही

स्पर्श. पडद्यावरची बोटं बघून माझ्या बोटांना काही कळत नाही.

मुलींचा स्तन आतून गुळगुळीत नसतो. त्यात दुधाच्या ग्रंथी, नळ्या, चरबी आणि त्यांना धरून ठेवणारे धागे असतात, त्यामुळे तो बऱ्याच जणींना मण्यांच्या पिशवीसारखा खडबडीत लागतो. पाळीच्या आधी तो फुगतो, जड होतो, दुखतो. पाळी येऊन गेली की सैल पडतो. ज्या मुलीला हे माहीत नाही तिला पहिल्याच स्पर्शात दहा गाठी सापडतात. म्हणून स्पर्श शिकवायला आत छोट्या गोळ्या बसवलेलं स्तनाचं सिलिकॉनचं मॉडेल हवं, आणि ते प्रत्येक मुलीच्या हातात पुरेसा वेळ राहायला हवं.

मॉडेल समोर आलं की मुली काय करतात ते सांगते. पहिल्यांदा एका बोटाच्या टोकाने टोचून बघतात. मग चिमटीत धरतात. दोन्हींत काहीच कळत नाही, किंवा सगळीकडेच गाठ लागते, कारण चिमटीत धरलं तर कुठलाही मऊ भाग गाठीसारखाच लागतो. मग मी तिचा हात मॉडेलवर सपाट ठेवायला सांगते. मधली तीन बोटं एकमेकांना जुळवलेली, शेवटच्या पेराचा आतला मांसल भाग टेकलेला. बोटं उचलायची नाहीत. जागच्या जागी छोट्या नाण्याएवढं वर्तुळ फिरवायचं, आधी अगदी हलकं, म्हणजे फक्त कातडी हलेल इतकं. मग त्याच जागी जरा दाबून. मग आणखी खोल, खालच्या बरगडीचा कठीणपणा जाणवेपर्यंत. तीन दाब झाले की बोटभर खाली सरकायचं. हलक्या दाबात न लागलेली छोटी गोळी दुसऱ्या दाबाला अचानक बोटाखाली येते, आणि मुलीचा चेहरा बदलतो. 'आहे!' हा एक शब्द माझ्या कुठल्याही व्हिडिओने कधी काढून घेतलेला नाही.

मॉडेलवर आम्ही उभ्या पट्ट्यांत जातो, जमीन नांगरावी तसं वरून खाली आणि खालून वर. गोल गोल फिरत जाण्यापेक्षा या रीतीने जागा कमी सुटते. हद्द गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत आणि छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत. स्तनाचा एक भाग काखेकडे शेपटीसारखा गेलेला असतो, तो हमखास राहून जातो.

बघण्याचा भाग सोपा आहे. आरशासमोर उभं राहायचं, हात बाजूला सोडून, मग डोक्यावर नेऊन, मग कमरेवर दाबून. आकार, त्वचा, स्तनाग्राची दिशा बघायची. दोन्ही स्तन एकसारखे असणं हा नियम नाहीच, थोडाफार फरक जवळजवळ सगळ्यांनाच असतो. नव्याने काही बदललंय का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा. पाळी सुरू झाल्यापासून सातवा ते दहावा दिवस त्यासाठी बरा, कारण तेव्हा स्तन सर्वांत सैल असतात. किशोरवयीन मुलीने हे दर महिन्याला नेमाने करावं असा माझा आग्रह नाही. एक-दोनदा शांतपणे करून आपलं 'नेहमीचं' ओळखीचं झालं की मनावरचं मोठं ओझं उतरतं. न चुकता करायची सक्ती केली की अभ्यासू, काळजीखोर मुली रोज तपासायला लागतात, आणि रोज तपासणाऱ्या हाताला रोज काहीतरी नवीन लागतं.

व्हिडिओ करणाऱ्यांसाठी

सुरुवात वयात येण्यापासून करा. कॅन्सर हा शब्द शेवटच्या भागात आला तरी चालतो. पहिल्याच चित्रात आजारी स्तन दाखवला की पुढची दहा मिनिटं मुलगी काहीच ऐकत नाही, ती फक्त स्वतःशी पडताळत बसते. रेखाचित्रं, अ‍ॅनिमेशन किंवा मॉडेल वापरा. अल्पवयीन मुलीचं उघडं शरीर कुठल्याही कारणाने चित्रित करायचं नाही, यात शिक्षणाचा अपवाद नाही. चित्रांत वेगवेगळे आकार, वेगवेगळे रंग हवेत. गोऱ्या कातडीवरचा लालसरपणा सावळ्या कातडीवर तसा दिसत नाही, तिथे तो गडद किंवा जांभळट दिसू शकतो. एकाच रंगाची छाती दाखवली तर बाकीच्या मुलींना ते लक्षण सांगितलंच नाही असं होतं.

निवेदन कोणी करावं? अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये 'हे मला जमेल' या विश्वासावर महत्त्वाचं लिखाण केलं. हा विश्वास वाढवणाऱ्या गोष्टींत त्यांनी दोन गोष्टी धरल्या: स्वतः करून यश येणं, आणि आपल्यासारख्या कुणाला तरी ते जमताना बघणं. म्हणून पांढरा कोट घातलेल्या तज्ज्ञापेक्षा मॉडेलवर हात ठेवणारी, पहिल्यांदा चुकणारी आणि मग जमवणारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी जास्त शिकवून जाते. तज्ज्ञ दोन मिनिटं आले तरी पुरे.

आणि एक गोष्ट व्हिडिओत स्पष्ट, सरळ वाक्यात असायलाच हवी. तपासणी शिकवायच्या नावाखाली कोणीही, ओळखीचं असो वा अनोळखी, तुझ्या छातीला हात लावायचा नाही. वर्गात कपडे काढायचे नाहीत, एकमेकींना तपासायचं नाही. डॉक्टरांनी तपासायची वेळ आली तर का तपासतोय हे ते आधी सांगतील, विचारतील, आणि तुझा भरवशाचा माणूस तुझ्यासोबत थांबू शकतो. मुलीला छातीबद्दल बोलायला शिकवायचं आणि हे सांगायचं नाही, हे अर्धवट शिकवणं झालं.

शिकल्या हे कसं कळणार?

व्हिडिओच्या आधी एक प्रश्नपत्रिका, नंतर तीच पुन्हा, आणि गुण वाढले की कार्यक्रम यशस्वी, अशी सर्वसाधारण रीत आहे. पाच मिनिटांपूर्वी ऐकलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणालाही येईल. मी तीन महिन्यांनी परत जाते. मॉडेलमधल्या गोळ्या बोटांना सापडतात का ते बघते. रबरी फायब्रोअडेनोमाचं वर्णन वाचून मुलगी 'डॉक्टरांना दाखवायचं, पण घाबरायचं नाही' म्हणते की 'कॅन्सर' म्हणते, ते विचारते. आणि न चुकता हेही विचारते की या विषयामुळे तुझी काळजी वाढली का. ती वाढली असेल तर आमचं काहीतरी चुकलंय, गुण कितीही आलेले असोत.

त्या तीन महिन्यांत वर्गात एक बंद डबा ठेवलेला असतो. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. चिठ्ठ्यांमध्ये कॅन्सर फारसा नसतो. माझी एक बाजू मोठी का? पोटावर झोपलं की दुखतं ते बरोबर आहे का? स्तनाग्र आत वळलेलं आहे, पहिल्यापासून, चालेल का? त्याभोवती केस आहेत, मी काढू का? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर 'हे असं असू शकतं, काळजी नको' हेच असतं. केस ओढून काढू नयेत, कात्रीने जपून बारीक करता येतात. जन्मापासून किंवा वाढीच्या सुरुवातीपासून आत असलेलं स्तनाग्र हा एक सर्वसाधारण प्रकारच आहे, अलीकडे अचानक आत गेलं असेल तर मात्र दाखवावं. एकाच ठिकाणी राहिलेली आणि पाळी होऊन गेल्यावरही न गेलेली गाठ, वाढत जाणारी गाठ, त्वचेवर खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखी जाडसर कातडी, स्तनाग्रातून आपोआप येणारा स्राव, विशेषतः रक्ताचा, तापासह लाल झालेला दुखरा भाग: यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे जायचं. स्राव येतो का ते बघायला स्तनाग्र पिळायचं नाही, पिळल्याने निरोगी स्तनातूनही थेंब येऊ शकतो.

तासाच्या शेवटी मी व्हिडिओचा शेवटचा तुकडा लावते. त्यात एक मुलगी घरातल्या मोठ्या बाईला सांगते, "मला छातीत काहीतरी वेगळं लागतंय. मला डॉक्टरांना दाखवायचंय." बस, एवढंच. मग पडदा बंद करून तेच वाक्य सगळ्या जणी म्हणतात. पहिल्या वेळी फक्त ओठ हलतात. दुसऱ्या वेळी मागच्या बाकावरून थोडा आवाज येतो. तिसऱ्या वेळी मला दाराशी उभं राहूनही शब्द न शब्द ऐकू येतो.